पाचावरचं टिंब

रफिक मिस्त्री फोनचा वास घ्यायचा. बंद पडलेला फोन कुणी काउंटरवर ठेवला की तो मागचं झाकण काढायचा, बॅटरी बाजूला करायचा आणि फोन नाकाला लावायचा. मग सांगायचा, "ह्यो विहिरीत पडलाय," नाहीतर "ह्याच्यावर ताक सांडलंय." एकदा गावातल्या एका पुढाऱ्याला त्यानं चारचौघांत विचारलं, "ह्यो संडासात पडलाय ना?" पुढारी फोन तिथंच टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी फोन न्यायला त्याची बायको आली.

नेकनूरच्या बाजारगल्लीत माझं किराणा दुकान आणि त्याचं मोबाइल दुरुस्तीचं, मध्ये फक्त एक पत्रा. त्याचा बाप त्याच जागी रेडिओ दुरुस्त करायचा. मी लग्न होऊन वाण्याच्या घरात आले तेव्हा रफिक पाळण्यात होता. म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला काकू म्हणायचा. उंच होता, पण सदा वाकलेला. बोटांची टोकं भाजून काळी पडलेली. गोड बोलायला त्याला जमायचं नाही. मलाही जमत नाही, म्हणून आमचं पटायचं.

बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली, असं रेडिओवर फार वर्षं ऐकत होते. आमच्या गल्लीत ती दारं उघडलेली दिसली ती फोन आले तेव्हा. बटनांचे आले, काचेचे आले, चिनी आले, दोन सिमचे आले. बाजारच्या दिवशी भाजीशेजारी पोत्यावर मांडून विकायचे. दर महिन्याला नवं नाव. रफिक म्हणायचा, "काकू, पेटीवर नाव काही बी असू द्या. फोनचं खरं-खोटं हातात घेतल्यावर कळतं."

त्याची धाकटी बहीण शमीम युसूफ वडगावला दिली होती. नवरा ऊसतोडीला जायचा. पुढं तीही जायला लागली, कारण आगाऊ पैशांची उचल मिळते ती जोडीला, एकट्याला कुणी विचारत नाही. त्या वर्षी तिला दिवस गेलेले होते आणि तसंच ती गेली. यात नवल काही नाही. आमच्याकडच्या अशा कितीतरी बाया जातात.

माघ महिना असेल. मी रफिकला चहा द्यायला पत्र्यापलीकडे गेले आणि फोन वाजला. शमीमचा नवरा होता. फोनचा आवाज मोठा, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. शमीम अडली होती.

"किधर है तू?" रफिकनं विचारलं.

"गन्ने में हूँ, भाईजान."

"अरे, कौनसा गाँव? रास्ता कौनसा?"

"मालूम नहीं. कल रात को ट्रॅक्टर ने लाके छोड्या. सब तरफ गन्नाच है."

दीड तास रफिक विचारत होता आणि तो 'गन्ने में' सांगत होता. मुकादम उसाच्या दुसऱ्या फडावर गेलेला. रस्त्यावर जाऊन कुणाला विचार म्हटलं, तर रस्ता कुठल्या बाजूला हेच त्याला कळेना. मग फोनची बॅटरी संपली. रफिक जीप करून निघाला, पण कुठं जायचं हे ड्रायव्हरला सांगता येईना. तिसऱ्या दिवशी तो शमीमला घेऊन आला. लेकरू तिच्याजवळच ठेवलं होतं. मी जास्त लिहीत नाही.

तिचा चाळिसावा होईपर्यंत तो दुकानात आला नाही. आला तेव्हा मला म्हणाला, "काकू, तिच्या नवऱ्याला ठाव नव्हतं, पण फोनला ठाव होतं."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

तसं नव्हतं. फोन बोलतो तो कुठल्यातरी टॉवरशी बोलतो. त्या टॉवरला नंबर असतो आणि तो नंबर फोनच्या पोटात असतो. तो बाहेर काढून मेसेजनं पाठवता आला, तर आपण कुठल्या टॉवरखाली आहोत हे सांगायला माणसाला गावाचं नाव माहीत असायची गरज नाही. एवढं मला चौथी शिकलेल्या बाईला समजलं. अवघड होतं ते पुढंच. प्रत्येक फोन तो नंबर वेगळ्या खिशात ठेवतो. बटनवाल्याचा खिसा वेगळा, काचेच्या फोनचा वेगळा. एकाच कंपनीचे दोन फोन असले तरी सारखे नाहीत. "सख्खे भाऊ हायेत," रफिक म्हणायचा, "पर एक ऐकतो, दुसरा उलटून बोलतो."

प्रोग्राम लिहायला त्याला बीडला एक मॅडम भेटल्या. विद्या मॅडम, कम्प्युटर क्लास घ्यायच्या. दर गुरुवारी रफिक दुकान बंद करून एसटीनं बीडला जायचा. एकदा मलाही बीडला दवाखान्यात जायचं होतं म्हणून मी बरोबर गेले आणि त्यांचं भांडण ऐकलं. मॅडमच्या कम्प्युटरात फोनचं चित्र होतं. त्या चित्रावर बटन दाबलं की फोनसारखंच सगळं व्हायचं.

"रफिकभाई, हे बघा, व्यवस्थित चालतंय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ह्या फोनला कधी घाम लागलाय का?"

"म्हणजे?"

"ह्यो कधी चुलीजवळ पडलाय का? ह्याची बॅटरी दोरीनं बांधलीय का? टॉवरचा नंबर इचारला तर ह्यो दर वेळेला एकच नंबर सांगतोय. खोटा फोन हाय ह्यो. तुमच्या टेबलावर चालणारच की. तुमच्या टेबलावर कोण अडलंय?"

मॅडम रागावल्या. तरी पुढच्या गुरुवारी त्यांनी दुरुस्त करून दिलं. बाई चांगली होती. एक पैसा घेतला नाही.

खऱ्या फोनवर तपासायचं, तर खरे फोन पाहिजेत, आणि ते याच्याकडे कुठून येणार? मग त्यानं गिऱ्हाइकांचेच वापरले. दुरुस्तीला आलेला फोन तो आधी नीट करायचा, मग त्यात प्रोग्राम घालून तपासायचा, मग काढून परत करायचा. भिंतीला खिळे मारून फोन टांगले होते. पुड्या बांधायचा पांढरा दोरा माझ्याकडून नेला होता. पांढरा दोरा बांधला म्हणजे नापास. हिरवा म्हणजे पास. सुरुवातीला सगळी भिंत पांढरी होती.

लोक वैतागायचे. "फोन दे बे माझा! शाळेत घातला काय त्याला?"

"नापास झालाय. आनिक दोन दिस ठीव."

"आरं, मला सासऱ्याला फोन करायचाय!"

"माझ्यावरनं कर. सासरा काय म्हणतोय ते मला बी ऐकू दे."

आणि मी. हिरवा दोरा बांधायच्या आधी प्रत्येक फोन माझ्या हातात यायचा. काकूला जमलं तर जगाला जमलं, हे तो गिऱ्हाइकांसमोर बोलायचा.

"म्हंजी मी जगातली सगळ्यात अडाणी काय रे?" मी विचारलं.

"न्हाई काकू. सगळ्यात घाईतली."

ते खरं होतं. गुळाच्या हातानं, तेलाच्या हातानं, तराजू धरलेला असताना दुसऱ्या हातानं मी दाबायची. तो पत्र्यावर टकटक करून फोन पुढं करायचा. "दाबा. दुकान पेटलंय समजून दाबा."

"माझं कावून पेटंल? तुझं पेटू दे."

पहिल्यांदा त्यांनी फोनवर चित्र ठेवलं होतं, पोटुशी बाई आणि लाल गाडी. चित्र आलं की बटन दाबायचं. मी पाहिलं आणि त्याला म्हणाले, "मी चार बाळंतपणं केलेली बाई हाय. त्या टायमाला डोळे मिटलेले असतात रे बाबा. चित्र कोण बघतंय?"

त्यानं फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "आडवं होऊन दाबून दाखवा."

मी त्याला चांगल्या दोन शिव्या दिल्या. पण दुपारी गल्ली सामसूम झाल्यावर ज्वारीच्या पोत्यांमागं आडवी झाले आणि डोळे मिटून फोन चाचपला. बोटाला एकच गोष्ट कळत होती. मधल्या बटनावर, पाचावर, बारीक टिंब असतं. आंधळ्यालाही लागावं म्हणून ठेवलेलं. तेव्हापासून आमचं ठरलं. पाच दाबून धरायचा, तीन आकडे मोजेपर्यंत. काचेच्या फोनला टिंब नाही. तिथं पूर्ण काच म्हणजेच बटन.

मेसेज यायचा तो माझ्या फोनवर. कारण रफिक कुठंही भटकायचा आणि मी सकाळी सातपासून दुकानात. मेसेजमध्ये बाईचं नाव आणि टॉवरचा नंबर. इंग्रजी आकडे मला दुकानानं शिकवले होते. टॉवर कुठं आहे ते बघायला एक वही होती. आमच्या भागातल्या टोळ्या ज्या कारखान्यांवर जातात, तो सगळा मुलूख, जाण्यायेण्याच्या वाटेसकट, रफिक मोटारसायकलवर एक महिना फिरला होता, चार कंपन्यांची चार सिम घेऊन. थांबायचा, नंबर वाचायचा, लिहायचा. 'कालव्याच्या पुलाच्या उजवीकडे, वीटभट्टीमागे. तोडवाल्यांच्या कोप्या पडतात.' 'मारुतीच्या देवळापासून खाली, डांबरी संपते तिथे.' अक्षर घाण, पण दवाखान्याच्या गाडीवाल्याला वाचून दाखवता येईल असं.

दिवाळीपर्यंत भिंत बरीचशी हिरवी झाली.

आता माणसांच्या फोनात प्रोग्राम घालायचा. ते कुणी घालून घेईना. 'बाई अडली तर' असं म्हटलं की लोक म्हणायचे, जाताना अशुभ बोलू नको. तेव्हा रफिकनं युक्ती केली. त्याच्याकडे मेमरी कार्डात गाणी भरायला गर्दी असायचीच. त्यानं सांगितलं, हा प्रोग्राम घेतला तर गाणी फुकट. मग रांग लागली. बटनांच्या फोनात जागा कमी, म्हणून प्रोग्रामही कार्डातच घातला. सव्वीस बाया झाल्या. शेवटी शेजारच्या सुमनचा फोन. तिला सातवा महिना होता. तिच्या फोनवर रफिकनं स्वतः वीस वेळा पाच दाबला आणि वीसही वेळा माझा फोन वाजला. सुमन म्हणाली, "मिस्त्री, पुरं करा की. बटन झिजून जाईल."

"झिजू दे. पर इसरू नको."

टोळ्या निघाल्या त्या दिवशी आम्ही दोघं दुकानांच्या पायरीवर उभे होतो. ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर भांडी, कोंबड्या, शेळ्या, पोरंबाळं. पहिल्या ट्रॅक्टरवर मोठा बॉक्स लावलेला, त्यावर गाणी जोरात. रफिक हात मागं बांधून बघत होता. त्याच्याजवळ लग्नाचं एक गाणं होतं. कुठल्यातरी मांडवात भरलेलं, आणि त्यात मध्येच एक कुत्रं भुंकायचं. ते गाणं लागलं. मग कुत्रं भुंकलं.

रफिकनं मागं बांधलेले हात सोडले.

"काकू, ते माझं कार्ड हाय."

मला लगेच कळलं, आणि मला माझाच राग आला. दर वर्षी मी बघते. ट्रॅक्टर निघायच्या आधी ड्रायव्हर सगळ्यांची कार्डं गोळा करतो, डबीत ठेवतो आणि वाटेनं एकेक बॉक्समध्ये घालून वाजवतो. सगळ्यांची गाणी सगळ्यांना ऐकायला. लहान पोरालाही माहीत होतं. आम्ही तेलाच्या हातानं दाबून पाहिलं, आडवं होऊन पाहिलं, पण प्रत्येक वेळी कार्ड फोनात होतं. ते बाहेर काढतील हे आमच्या दोघांच्या डोक्यात आलं नाही.

तो पळत सुटला. "कार्ड काढा! आपापलं कार्ड फोनात टाका! सुमन, कार्ड!" एवढा उंच माणूस, चप्पल सुटलेली, आणि मागं धुरळा. ट्रॅक्टरच्या आवाजात आणि गाण्यात कुणाला ऐकू जाणार? ट्रॉलीतल्या बायांना वाटलं निरोप देतोय. त्यांनी हात हलवले.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर निघाला. फोन लावले तर निम्मे बंद. लागले त्यांना विचारलं, कुठं आहात, तर तेच उत्तर. उसात. ज्या गोष्टीसाठी प्रोग्राम केला होता, ती गोष्ट आता त्याला स्वतःला नडली. टोळी एका फडावर आठ-दहा दिवस, की पुढं हलते. तो फड शोधत फिरला. बाई सापडली की तिचं कार्ड मागून घ्यायचा, फोनातलं काहीबाही पुसायचा, प्रोग्राम आत हलवायचा आणि पाच दाबायचा. इकडे माझा फोन वाजायचा. लगेच मागोमाग त्याचा फोन.

"आला का?"

"आला."

एवढंच बोलणं. मी वहीत त्या बाईच्या नावापुढं टीक करायची. महिन्यात दोनदा तो घरी यायचा. डोळे लाल, ओठ फुटलेले. मी म्हणाले, "आरं, दुकान बुडालं तुझं."

"सुमन घावली न्हाई," तो म्हणाला. त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. तिची टोळी मधूनच दुसऱ्या कारखान्यावर नेली होती. तिचा फोन लागत नव्हता. दिवस भरत आले होते आणि हा बोटांवर मोजत होता.

पौषात एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. सुमनचं नाव आणि नंबर. मला बरं वाटलं. सापडली एकदाची, म्हटलं. समोर गिऱ्हाईक होतं, मी मसूर डाळ तोलली, पुडी बांधली. मग ध्यानात आलं की रफिकचा फोन आलाच नाही. 'आला का' असं कुणी विचारलं नाही.

तपासायचा मेसेज आणि खरा मेसेज दिसायला एकच होते. ते वेगळे करायचं आम्हाला सुचलं नव्हतं. मी रफिकला फोन लावला, बंद. सुमनला लावला, कुणी उचलेना. मी गिऱ्हाइकाला म्हणाले, बाहेर हो. वही काढली. नंबर सापडेपर्यंत माझी बोटं पानांना चिकटत होती. मग दवाखान्याच्या सरकारी गाडीचा नंबर फिरवला आणि रफिकनं लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. कालव्याचा पूल, उजवीकडे, वीटभट्टीमागे. पलीकडचा माणूस म्हणाला, "आजी, तुम्ही तिथं आहात का?" मी म्हणाले, "मी नेकनूरला हाय. तू गाडी सोड."

गाडी पोचली. सुमनला मुलगी झाली, दोघी वाचल्या.

कार्डाचं काय झालं ते सुमननं आल्यावर सांगितलं. पहिल्या मुक्कामालाच ती ड्रायव्हरशी भांडली होती. "मिस्त्री येवढा बोंबलत पळत होता, कायतरी असंल म्हनलं. माझं कार्ड दे म्हनलं. नवरा म्हनला, गाण्यासाठी भांडतीस काय? पर घेतलंच मी."

म्हणजे रफिक जिच्यासाठी वणवण फिरत होता, तिला त्याची गरज नव्हती. ती त्या रस्त्यावरच्या पळण्यानंच वाचली होती.

दोन दिवसांनी तो आला. मी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यानं तो खाल्ला नाही. विचारलं, "मेसेज कदी आला? गाडी कदी पोचली?" मी सांगितलं. त्यानं बोटांवर मोजलं. मी डाळ तोलत बसले तो वेळ धरूनही पाऊण तास होत नव्हता. तो म्हणाला, "शमीमला येवढंच लागलं असतं." गूळ त्यानं खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सदऱ्याला मुंग्या लागल्या होत्या आणि त्याला पत्ता नव्हता.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही.

पुढची दोन वर्षं प्रोग्राम फोनातच घालायचा, कार्डात नाही. पन्नासच्या वर बाया झाल्या. चार वेळा खरा मेसेज आला आणि चार वेळा गाडी पोचली. पण फोन थांबत नव्हते. यंदा हिरवा दोरा बांधलेला फोन पुढच्या वर्षी बाजारातून गायब, त्याच्या जागी नवीन तीन. मॅडमना पुण्याला नोकरी लागली. त्या फोनवर बोलायच्या, सवड मिळाली की दुरुस्त करून पाठवायच्या, पण गुरुवार गेला तो गेलाच.

तिसऱ्या वर्षी निघायच्या दिवशी कांताचा नवरा आला. ट्रॅक्टर चालू होऊन उभा आणि याच्या हातात कोरा फोन, आदल्या दिवशी बीडहून घेतलेला. काचेचा, दोन सिमचा. रफिक म्हणाला, "ह्यो माझ्या भिंतीवर न्हाई. मी तपासल्याबिगर देत न्हाई."

"मिस्त्री, हिला पाचवा म्हयना हाय. द्या की. तुमच्या पाया पडतो."

कांता मागं उभी होती. रफिकनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "दे. काहीच नसल्यापरीस बरं." हे मी म्हणाले होते, म्हणून लिहिते.

त्यानं घातला. काच दाबली, माझा फोन वाजला, नंबर बरोबर आला. तीनदा दाबली, तीनदा आला. ट्रॅक्टर गेला.

फाल्गुनात, उन्हं तापायला लागली तेव्हा, कांताचा मेसेज आला. नाव होतं. नंबराच्या जागी शून्य होतं.

मी चष्मा पुसला. शून्यच होतं. रफिक पत्र्यापलीकडं होता, मी हाक मारली. तो आला, त्यानं वाचलं आणि फोन लावला. कांताच्या नवऱ्यानं उचलला.

"कुठं हायेस?"

"उसात हाय, मिस्त्री."

रफिक खाली बसला. बसूनच विचारत राहिला. रस्ता कुठला, चिमणी दिसते का, कालवा दिसतो का. मी गाडीच्या माणसाला दुसऱ्या फोनवर धरून ठेवलं होतं. तो विचारत होता, आजी, पत्ता सांगा. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

शेवटी कुणीतरी त्यांना गावाचं नाव सांगितलं, तेव्हा गाडी गेली. उशिरा गेली. कांता गेली.

नंतर मॅडमनी सांगितलं ते असं. त्या फोनात दोन सिम. इथं रफिकनं तपासलं तेव्हा पहिलं चालू होतं. तिकडे पहिल्याला रेंज नाही, म्हणून लोक तिकडचं एक सिम घेतात आणि ते दुसऱ्या खाचेत घालतात. सगळेच घालतात. फोन बोलत होता दुसऱ्या सिमच्या टॉवरशी आणि आमचा प्रोग्राम विचारत होता पहिल्याला. पहिला म्हणाला, शून्य. मॅडम म्हणाल्या, तो फोन मला पाठवा, मी दुरुस्त करते. तो फोन कांताच्या नवऱ्यानं कालव्यात फेकला होता. रफिकनं बीडच्या बाजारात तसलाच शोधला. त्याच नावाची पेटी मिळाली, उघडली तर आत वेगळाच फोन.

त्यानं मला बोल लावला नाही. मी लावून घेतला नाही, असंही नाही. पण आम्ही दोघांनी त्यावर कधी बोलणं केलं नाही. एका दुपारी तो वही मागायला आला. शेवटचं कोरं पान काढलं, त्यावर शून्य लिहिलं, आणि जागेचं नाव लिहायचं तिथं मोकळं सोडलं. वही परत दिली. मग भिंतीवरचे दोरे कात्रीनं कापून काढले, हिरवे आणि पांढरे, सगळे. लोकांचे फोन लोकांना दिले. उरले ते मेलेले, कुणाचेच नसलेले.

त्यानंतर तो वास घ्यायचा नाही. फोन आला की झाकण काढायचा आणि सरळ स्क्रू काढायला लागायचा. कुणी विचारलं, "मिस्त्री, कशात पडलाय सांगा की," तर म्हणायचा, "मला काय म्हाईत?"

पावसाळ्याच्या आधी त्यानं दुकान सोडलं. पुण्याला मेहुण्याच्या दुकानात दुरुस्तीला बसायचं ठरलं. बायको-पोरं आधी गेली होती. स्टँडवर मी गेले ते दुकानाची किल्ली त्यानं माझ्याकडे ठेवली होती म्हणून, नाहीतर मला निरोप देण्याची हौस नाही. त्याच्याजवळ एक पिशवी कपड्यांची आणि एक पोतं.

कंडक्टर म्हणाला, "भंगार हाय का? वर टाका."

"फोन हायेत. मांडीवर घेतो."

"चालत्यात का?"

"न्हाई."

खिडकीत बसला. पोतं मांडीवर. मी म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." तो हो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. भाजलेली बोटं पोत्याच्या तोंडावर. एसटी हलली तेव्हा त्याचं डोकं काचेला लागलं, ते त्यानं तिथंच राहू दिलं.

मी दुकानात येऊन बसले. थोड्या वेळानं फोन वाजला. मेसेज होता. नाव रफिकचं आणि टॉवरचा नंबर. वही काढली. मांजरसुंब्याचा होता, घाटाच्या वरचा. मी त्याच्या फोनची वाट पाहिली. 'आला का' म्हणून फोन आला नाही. अर्ध्या तासानं दुसरा मेसेज, बीडचा. दुपारी आणखी दोन, रस्त्यावरचे, वहीत सापडले. दर वेळी मी फोन हातात धरून बसायची. त्यानं विचारलं नाही. मी लावला तर लागला नाही.

दिवे लागायच्या वेळेला शेवटचा आला. तो नंबर वहीत नव्हता. मी सगळी पानं पाहिली, पहिल्यापासून. मग शेवटच्या पानावर, शून्याच्या खाली, तो नंबर लिहिला आणि पुढची जागा मोकळी सोडली.